च्या घेतल्याशिवाय जायचं नाय

माझ्या मित्राची वाचा गेल्याचं कळलं, तेव्हा मला सगळ्यात आधी आमच्या क्लाससमोरची चहाची टपरी आठवली. वाईट बातमी ऐकताना माणसाला काय आठवेल याचा नेम नसतो.

आम्ही दोघांनी मिळून नाशिकला, कॉलेज रोडच्या एका गल्लीत कॉम्प्युटर क्लास काढला होता. मॉनिटरचे काळे पडदे, त्यावर हिरवी अक्षरं, आणि चपला दाराबाहेर, कारण मशीनला धूळ चालत नाही असं आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. मी शिकवायचो आणि तो माणसं जमवायचा. तो मूळचा वणीकडचा. फी विचारायला आलेला माणूस त्याच्याकडून चहा पिऊन, वर द्राक्षांच्या बागेचं सगळं पुराण ऐकून जायचा, आणि बहुतेक वेळा फी विचारायची राहूनच जायची.

एकदा एका द्राक्षवाल्या व्यापाऱ्याने रोजच्या वजनांचा प्रोग्राम मागितला. अख्खा हिवाळा आम्ही त्यात घातला. स्वल्पविरामासारखी एखादी खूण राहिली की सगळं अडायचं, आणि मशीन चूक दाखवायचं ती भलत्याच ओळीवर. मी डोकं धरून पडद्यासमोर बसायचो. तो खुर्ची मागे सरकवायचा. "चल, च्या घेऊ." टपरीवर गेला की तो आमचा प्रोग्राम त्या टपरीवाल्यालाच समजावून सांगायचा. तो बिचारा दूध उकळत हो हो म्हणायचा, आणि सांगता सांगता याला चूक सापडायची. मी चिडायचो, की चुका इथेच सापडणार असतील तर आत वीज कशाला जाळायची? पण त्या चहाची सर पुढे कुठल्या चहाला आली नाही.

पुढे क्लास बंद पडला. मी नोकरी धरली, त्याने प्रिंटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मग गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, म्हणून जास्तच वाईट.

त्याच्यासाठी काहीतरी करायचं मी मनाशी घेतलं. आता प्रोग्राम लिहावा लागत नाही. काय हवं ते साध्या मराठीत सांगायचं, एआय लिहून देतं. घरी बसून मी सांगितलं, आजारी माणसाला डाव्या हाताने दाबता येतील अशी मोठी बटणं हवीत, आणि दाबलं की मराठीत बोललं पाहिजे. पाणी, जेवण, औषध, पंखा, बाथरूम, त्रास होतोय. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत ॲप तयार. एक रंग आवडला नाही म्हटलं, तर तोही लगेच बदलून मिळाला. मी अगदी खुशीत होतो. पण कुठे अडलंच नाही, त्यामुळे कोणी चल च्या घेऊ म्हणायचीही वेळ आली नाही, आणि ते मला उगीचच लागलं.

टॅबलेट त्याच्या उशाशी लावून दिला. त्याने बटणांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मला वाटलं, नवीन आहे, होईल सवय. सवय काही झाली नाही. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. त्यांचा फोन आला. "भाऊजी, ते त्या टॅबलेटला हातसुद्धा लावत नाहीत. कोणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घेतात. असंच चाललं तर हा माणूस आतल्या आत विझून जाईल हो."

मी गेलो. तेवढ्यात त्याचा चुलतभाऊ गावाकडून द्राक्षांची पेटी घेऊन आला. थोडा वेळ उशाशी बसला, पण बोलणार तरी काय? "येतो मंग. लय बोलायला नको, आराम करू दे त्याला," असं म्हणून तो उठला. त्याबरोबर माझ्या मित्राने डावा हात टॅबलेटवर आपटला. बसस्टँडवरच्या घोषणेसारखा आवाज आला, "मला पाणी हवे आहे." पाठोपाठ, "मला त्रास होत आहे." मी घाबरून पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडाशी धरला. त्याने तो ढकलला. पाणी चादरीवर सांडलं.

वहिनी दारात उभ्या होत्या. "त्यांना पाणी नकोय, भाऊजी. पाहुणा चहा न घेता निघाला ना, म्हणून. या माणसाने स्वतःसाठी कधी पाणी तरी मागितलंय का?"

मी ग्लास खाली ठेवला. घरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या मी. त्याला काय काय लागेल याचा सगळा विचार केला, पण तो दुसऱ्याला काय देईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आयुष्यभर त्याने तेवढंच तर केलं होतं.

वहिनींनी चुलतभावाला परत बसवून चहा पाजला आणि मगच वणीच्या गाडीला सोडलं. मी तिथेच पलंगाजवळ बसून एआयला नवं सांगायला घेतलं. पहिलं पान पाहुण्यांचं कर. त्याच्या गरजा मागे गेल्या तरी चालतील. आवाज मशीनचा नको, असं वहिनी म्हणाल्या. मग मीच वाक्यं बोलून टॅबलेटमध्ये रेकॉर्ड केली. माझं शहरी मराठी काही त्यांना पसंत पडेना. "'नाही' नको, 'नाय' म्हणा. हे तसंच म्हणायचे." मग त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणतात."

मी टॅबलेट त्याच्यापुढे धरला आणि जायला म्हणून उठलो. चपलेत पाय घालतो तोच मागून माझाच आवाज आला, त्याच्या बोलीत. "बस रे. च्या घेतल्याशिवाय जायचं नाय."

डॉक्टरांनी मला साखरेचा चहा बंद केलाय. मी परत आत येऊन बसलो. वहिनींनी साखरेच्याच चहाचा कप हातात दिला आणि मी तो प्यायला लागलो. तो टक लावून माझ्या कपाकडे पाहत होता. शेवटचा घोट संपला आणि त्याचं बोट दुसऱ्या बटणावर गेलं.

"आजून अर्धा घे की."

त्याच्या तोंडाची एकच बाजू हसली. मला रडू आवरेना. त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं.