पडताळ्याची भवानी

सोमवारी सकाळी दादा गोठ्यातून घराकडे येताना पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. दुपारी आम्ही त्याला पिंपळवंडीला परत आणलं.

दशक्रियेनंतर पाहुणे आपापल्या गावी गेले. पुढच्या आठवड्यात जावेदभाई घरी आले. ते मूळचे जुन्नरचे. कळंबला हायवेवर, खताच्या दुकानाच्या वर त्यांचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस आहे. टोमॅटो उत्पादकांसाठी त्यांनी एक ॲप काढलं आहे. शेतकऱ्यानं आज किती क्रेट निघणार ते टाकायचं, की टेम्पो बांधावर येतो. हे ॲप नीट चालतं की नाही ते तपासायचं काम आमच्या वहिनीकडे होतं. ती हे काम घरूनच, दादाच्या लॅपटॉपवर करायची.

चहा अर्धा झाल्यावर जावेदभाई माझ्याकडे वळले.

"भाऊ, तो लॅपटॉप आता गचके देतोय. वहिनींनी परवाची टेस्ट चार वेळा चालू केली. हंगाम तोंडावर आलाय. तुमच्या दादाचं ते टूल मला माझ्या ऑफिसातल्या मशीनवर पायजे. शनिवारपर्यंत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मला कोड लिहिणारा टेस्टर बसवावा लागंल. मग वहिनींना काय काम देऊ, तूच सांग."

वहिनी दारातच उभी होती. ती कपबशा उचलून आत गेली.

इथे थोडं समजावून सांगतो. ॲपमध्ये काही बदल केला की आधीचं सगळं पुन्हा तपासावं लागतं. लॉगिन होतं का, बटण दाबलं की पुढचं पान येतं का. हे माणसानं रोज करायचं म्हटलं तर तो कंटाळतो आणि चुकतो. म्हणून ते प्रोग्रामकडून करून घेतात. त्याला टेस्ट ऑटोमेशन म्हणतात. पण अशी टेस्ट लिहायला कोड यावा लागतो, आणि वहिनीचं शिक्षण डी.एड.चं. म्हणून दादानं तिच्यासाठी एक लो-कोड टूल लिहिलं. लो-कोड म्हणजे जवळपास कोड न लिहिता चालणारं. त्याचं नाव त्यानं ठेवलं पडताळा. त्यात टेस्ट अशी लिहायची: एका रकान्यात 'उघड', पुढच्यात 'लॉगिनचं पान'. खाली 'दाब', पुढे 'हिरवं बटण'. त्याखाली 'दिसलं पाहिजे', पुढे 'टेम्पो निघाला'. सगळं जमलं की पडद्यावर हिरव्यात यायचं, 'झालं राव'. नाही जमलं की लाल अक्षरात, 'गंडलं'. दादानं ते ओपन सोर्स ठेवलं होतं, म्हणजे कोड इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला. पण ते दुसऱ्या कुणी वापरल्याचं आम्हाला माहीत नव्हतं. ते बसवायचं कसं हे फक्त त्यालाच ठाऊक होतं.

ते बसवणं हाच माझा धंदा. मी पुण्यातल्या कंपनीत रिलीज इंजिनिअर आहे. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम असा बांधायचा की परक्या मशीनवर एका क्लिकमध्ये चालावा. याला पॅकेजिंग म्हणतात. लग्नाचा आचारी जसा झारे, पातेली, मसाले सगळं स्वतः घेऊन येतो, यजमानाच्या घरात काय असेल यावर विसंबत नाही, तसं पॅकेज असावं लागतं.

मी ओसरीवर बसून पॅकेज बांधलं. पडताळ्याला लागणारे सगळे भाग आत घातले. दादाच्या लॅपटॉपला हात न लावता माझ्या लॅपटॉपवर बसवून पाहिलं. 'झालं राव'. वहिनीनं तिची एक टेस्ट चालवली. 'झालं राव'. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि कळंबला गेलो.

जावेदभाईंच्या मशीनवर पडताळा बसला, उघडला, आणि पडद्यावर दोन शब्द आले: 'बसा पावणं'.

आम्ही बसलो.

काही वेळानं जावेदभाई म्हणाले, "आता?"

"लोड होत असेल."

त्यांनी चहा मागवला. चहा आला, संपला. पडद्यावर 'बसा पावणं' तसंच. ना हिरवं, ना लाल. कुठलाही एरर नाही. माझ्या धंद्यात एरर येणं वाईट असतं, पण एररच न येणं त्याहून वाईट. काय बिघडलं ते शोधायला धागाच सापडत नाही.

मी ब्राउझर बदलला. अँटीव्हायरस बंद केला. मशीन रीस्टार्ट केलं. प्रत्येक वेळी आमचं तसंच अगत्यानं स्वागत झालं.

"घरी तर चालतं," मी म्हणालो. हे आमच्या धंद्यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे.

"मग घरच उचलून आण," जावेदभाई म्हणाले. "खाली खताच्या गोडाऊनला जागा हाय."

दुसऱ्या दिवशी मी माझा लॅपटॉपच कळंबला नेला, ज्यावर ते घरी चालत होतं. तिथे उघडला. 'बसा पावणं'. घरी आणला. 'झालं राव'. म्हणजे दोष मशीनचा नव्हता. जागेचा होता. असा दोष मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

जावेदभाईंना फोन केला. "दादानं तुमच्या ऑफिसात हे कधी चालवून दाखवलं होतं का?"

"न्हाई रे. डेमो म्हटलं की घरी बोलवायचा. मासवडी करायच्या वहिनी. जेवण झाल्यावर कोण इचारतो डेमो कुठं झाला ते."

वहिनीनं ऐकलं. ती म्हणाली, "भावजी, एक करा. घरी चालू करायचं, आणि बंदच करायचं न्हाई. तसंच चालू ठेवून कळंबला न्यायचं."

"ते काय विरजण आहे का?"

"तुमच्या पुस्तकातलं तर सगळं करून झालं की."

दुसरं काही सुचत नव्हतं. म्हणून आम्ही निघालो. वहिनी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर ताटासारखा धरून पुढे, मी मागे. थोडं चाललं की ती थांबायची, मी टेस्टची एक फेरी चालवायचो. अंगणात 'झालं राव'. गोठ्यापाशी 'झालं राव'. म्हशीनं मान वळवून बघितलं. कांद्याच्या वाफ्याशी 'झालं राव'.

बांधावरून शेजारचे तात्या मोटरसायकल लावून आमच्याकडे बघत होते.

"काय गं, बिबट्याचा माग काढताय का?"

"न्हाई तात्या," वहिनी म्हणाली, "कंप्युटरला जरा फिरवून आणतोय. घरात बसून बसून त्याला बी कंटाळा येतो."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी गाडीला किक मारली आणि मागे न बघता गेले.

शेवग्याच्या झाडाशी पोचलो. मी फेरी चालवली. 'बसा पावणं'.

एक पाऊल मागे. 'झालं राव'. एक पाऊल पुढे. 'बसा पावणं'. वहिनी मुद्दाम पुढे-मागे करायला लागली. झालं राव, बसा पावणं, झालं राव, बसा पावणं. तिला हसू फुटलं. ती हसायला लागली आणि लॅपटॉप हलायला लागला. मग मलाही आवरेना. दादा गेल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं, आणि आता आम्ही दोघं शेवग्याखाली पोट धरून उभे होतो.

हसता हसताच मला कळलं. आमच्या घरातलं वाय-फाय शेवग्यापर्यंतच पोचतं. पडताळ्याला इंटरनेट नको होतं. ते तर कळंबला होतंच. त्याला आमच्या घरातलंच काहीतरी हवं होतं. हे मला घरबसल्या, वाय-फाय बंद करून कळलं असतं. पण मग तात्यांची करमणूक झाली नसती.

ओसरीवर येऊन मी कोड पहिल्यापासून वाचायला घेतला. मला वाचायला आवडतं, पण भावाचा कोड वाचणं अवघड असतं. प्रत्येक ओळीत त्याची बोलायची ढब. मी सावकाश वाचत गेलो. वहिनी शेजारी मटार सोलत होती.

एक भाग सापडला. नाव 'भवानी'. दुकानातली दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, तशी टेस्टच्या प्रत्येक फेरीआधी एक छोटी टेस्ट. ती पास झाल्याशिवाय पुढचं काही चालणार नाही. अशी पहिली चाचणी ठेवणं ही आमच्या धंद्यातली चांगली पद्धत आहे. पण त्या टेस्टमध्ये दोनच ओळी होत्या. 'उघड', पुढे 'टाकीचं पान'. 'दिसलं पाहिजे', पुढे 'टाकी भरली'.

मी वहिनीकडे पाहिलं. "टाकी?"

घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. दादानं तिच्यात एक सेन्सर सोडला होता आणि मोटरच्या खोलीत एक छोटा बोर्ड बसवला होता. टाकी किती भरली ते घरातल्या वाय-फायवर एका पानात दिसायचं. फक्त घरातच. बाहेर त्या पानाच्या पत्त्याला काही अर्थ नाही. कळंबमध्ये उभं राहून 'माजघरात ये' म्हटल्यासारखं.

वहिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अगं बाई. म्हणून ते रोज म्हणायचे, आधी मोटर लाव, मग पडताळा उघड. मला वाटायचं दिवा लावतात तशी काहीतरी त्यांची रीत हाय. मी आपली रोज लावायची."

मग उलगडा झाला. दादा सकाळी लॅपटॉप उघडला की मोटर लावायला विसरायचा. आई त्यावरून रोज बोलायची. म्हणून त्यानं स्वतःलाच अडवून ठेवलं होतं. घरात पाणी भरल्याशिवाय काम सुरूच होऊ द्यायचं नाही.

"पण मग एरर का नाही दाखवला?" मी म्हणालो. "टाकी भरली नाही, तर सरळ 'गंडलं' म्हणावं."

आता वहिनी लाजली.

"ते माझ्यामुळं असंल. माझ्या माहेरी, ओतूरला आमच्या आबांचं दुकान. भवानी व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला 'न्हाई' म्हणायचं नसतं. माल संपलेला असला तरी 'बसा पावणं' म्हणायचं, आणि तोवर शेजारच्या दुकानातून आणून द्यायचं. हे मी त्यांना सांगितलं व्हतं. ते लई हसले व्हते."

हसला आणि कोडात घातलं. जगातल्या कुठल्याही प्रोग्रामरनं अशी सोय केली नसती. पहिली विक्री होईपर्यंत नकार द्यायचा नाही, म्हणून प्रोग्राम गप्प. आम्ही पुन्हा हसायला लागलो. मटार ओसरीभर झाले. आई आतून आली.

"काय झालं?"

वहिनीनं तिला सगळं सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मग आता टाकी भरलीय का?"

टाकी भरून अंगणात पाणी वाहत होतं. आई मोटर बंद करायला गेली.

दुरुस्ती सोपी होती. भवानीसाठी एक छोटं पान पॅकेजच्या आतच द्यायचं, म्हणजे कुठंही पास होईल. ते पान वहिनीनं लिहिलं. पडताळ्याच्या पोटात तिनं लिहिलेली ती पहिली गोष्ट. मजकूर तिनंच ठरवला: 'पाणी आहे'.

वाद झाला तो दुसऱ्या मुद्द्यावर. मी म्हणालो, भवानी झाली नाही तर कारण सांगितलंच पाहिजे.

"आणि भवानीआधी न्हाई म्हणायचं?"

"वहिनी, परक्या माणसानं किती वेळ बसायचं?"

"आबांच्या दुकानात लोकं दुपारपर्यंत बसायची."

शेवटी तडजोड झाली. पडताळा आधी 'बसा पावणं' म्हणेल. अर्ध्या मिनिटात भवानी झाली नाही, तर 'माफ करा, आज जमत नाही' म्हणेल आणि खाली कारण लिहील. मी 'एरर' हा शब्द सुचवला होता. तो नामंजूर झाला.

शनिवारी आम्ही दोघं कळंबला गेलो. जावेदभाईंनी खुर्ची तिच्यासाठी मोकळी केली. मी पॅकेज बसवलं. 'बसा पावणं' आलं. जावेदभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. अक्षरं गेली आणि हिरव्यात आलं, 'भवानी झाली'.

त्यानंतर वहिनीच्या टेस्ट एकामागून एक सुरू झाल्या. झालं राव. झालं राव. झालं राव. आणि मग लाल अक्षरात, ठसठशीत:

'गंडलं'.

वहिनीनं टाळी वाजवली. मी तर खुर्चीवरून उठलोच. जावेदभाई आमच्याकडे बघत राहिले.

"माझं ॲप गंडलं," ते म्हणाले, "आणि तुमी दोघं वरातीत असल्यासारखे."

"भाई, त्याचं कामच ते," वहिनी म्हणाली. "बघा तरी काय सापडलंय."

सापडलं होतं ते असं: शेतकऱ्यानं शून्य क्रेट टाकले तरी टेम्पो बुक होत होता. आदल्या दिवशीच्या बदलात कुणीतरी शून्य अडवणारी अट काढून टाकली होती. जावेदभाईंनी स्वतः फोनवर करून पाहिलं. शून्य टाकलं. 'टेम्पो निघाला'.

ते डोक्याला हात लावून बसले. "बोरी बुद्रुकला रिकामा टेम्पो गेला असता राव. आणि तिथल्या लोकांनी तो तसाच परत पाठवला नसता. त्यात मला घालून पाठवला असता."

मग ते हसले. आवाज ऐकून खालचा खतवाला जिन्यात येऊन उभा राहिला. त्यानं काय झालं विचारलं. वहिनी म्हणाली, "काही न्हाई, गंडलंय." आणि पुन्हा सगळे हसायला लागले.

बाहेर पडताना जावेदभाई वहिनीला म्हणाले, "सोमवारपासून इथंच या. ही खुर्ची तुमची. फक्त माझं ॲप गंडल्यावर टाळ्या वाजवायच्या न्हाईत."

"एखादी वाजंल," वहिनी म्हणाली.

यातून मी धंद्याचा एक नियम शिकलो, तो नोकरीला लागल्यापासून मला पाठ होता. बांधलेलं पॅकेज स्वतःच्या घरी तपासू नये. घरच्यांचं घरात सगळंच चालतं.

पडताळा इंटरनेटवर खुला आहे. आता तो एका क्लिकमध्ये बसतो. सांभाळणारे म्हणून वहिनीचं आणि माझं नाव आहे. लिहिणारा म्हणून दादाचं आहे.