अज्ञात निवेदिका

दर शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मयूर विहारमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अहिल्याबाई पुराणिक चष्मा काढून सोफ्यावर बसायच्या आणि त्यांची नात अनुष्का त्यांच्या कानांवर हेडफोन चढवायची. बाई सत्तर वर्षांच्या, नात चोवीसची. मुलगा श्रीरंग आणि सून बदलीमुळे गुवाहाटीला, पती विश्वासरावांना जाऊन चार वर्षं झालेली. घरात या दोघीच.

अनुष्काची नोकरी नोएडातल्या एका जाहिरात कंपनीत होती, पण तिचा जीव अडकला होता भलत्याच ठिकाणी. डोक्यावर कुठल्याही मोठ्या कंपनीचा हात नसलेले, स्वतःच्या खोलीत गाणी करणारे रॉक बँड, आणि डार्क सिंथ नावाचं ते यंत्रांवर वाजवायचं, तळघरातून घुमत आल्यासारखं संगीत. त्यात या आठवड्याला नवं काय आलं, हे ती दर शनिवारी सकाळी इंटरनेटवर लिहायची. हजारभर माणसं ते वाचायची. त्यातली निम्मी वाक्यं आजीची असत, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

अहिल्याबाईंनी एकतीस वर्षं दिल्लीहून रेडिओवर मराठी बातम्या वाचल्या होत्या. गाण्यातलं त्यांना फारसं कळत नसे, पण आवाजातलं कळे. "हा मुलगा ओळ संपायच्या आत श्वास सोडून देतो बघ. लाजतोय कशाला तरी," असं त्या म्हणायच्या, आणि अनुष्का तेच जरा नटवून लिहून टाकायची.

जानेवारीतला शुक्रवार होता. धुक्यामुळे समोरची इमारत दिसत नव्हती, खिडक्या सकाळपासून बंद होत्या.

"आजी, आज तीन आहेत," अनुष्का म्हणाली. "पहिला गुडगावचा रॉक बँड, ठीकठाक आहे. दुसरी शिलाँगची एक मुलगी. आणि तिसरा नोएडाचा, 'बंद फाटक'. एकटाच मुलगा आहे, सगळं स्वतः करतो. डार्क सिंथ. जरा डरावना आहे हं, सांगून ठेवते."

पहिले दोन ऐकून झाले. तिसऱ्या अल्बमचं चौथं गाणं सुरू झालं. आधी एक खोल गुरगुर, रिकाम्या पाण्याच्या टाकीत मोटर चालावी तशी. मग तिच्यातून एका तरुण बाईचा आवाज वर आला.

"यमुनेच्या पाण्याने धोक्याची पातळी ओलांडली आहे. जुन्या पुलावरील वाहतूक थांबवण्यात आली आहे. नदीकाठच्या वस्त्यांतील रहिवाशांनी ताबडतोब घरे सोडावीत. घरी परत जाऊ नये. ही सूचना पुन्हा देण्यात येणार नाही."

मग त्यातलं एकच वाक्य उरलं. घरी परत जाऊ नये. घरी परत जाऊ नये. दर खेपेला जरा अधिक संथ, जरा अधिक खोल.

तो आवाज अहिल्याबाईंचा होता.

चूक व्हायला वावच नव्हता. ज्या बाईनं एकतीस वर्षं स्वतःचं वाचन पुन्हा पुन्हा ऐकून दुरुस्त केलं, तिला आपला आवाज गर्दीत हरवलेल्या लेकरासारखा ओळखू येतो. आणि तितकीच पक्की होती दुसरी गोष्ट. ही बातमी त्यांनी कधीही वाचली नव्हती.

"कसं वाटलं?" अनुष्कानं विचारलं.

"ठीक आहे."

"बस? ठीक? अगं, मराठी आहे आजी! कोण असेल गं ही? खाली लिहिलंय, 'आवाज: अज्ञात निवेदिका'."

"असेल कुणीतरी," अहिल्याबाई म्हणाल्या आणि कुकर लावायच्या निमित्तानं उठल्या.

सांगायला काय हरकत होती? हरकत होती, आणि तिचं नाव रेवतीताई. पुण्याची थोरली बहीण. तिचं असंच सुरू झालं होतं. आधी ती नुसतं म्हणायची, "मी कुठे असं म्हटलं?" मग म्हणायची, "मी कधी गेले होते तिथे?" सगळे हसण्यावारी नेत. अखेरच्या दिवाळीला अहिल्याबाई भेटायला गेल्या, तेव्हा तिनं हात जोडून विचारलं, "बसा ना. आपण कोणाकडे आलात?" तेव्हापासून अहिल्याबाई मनातल्या मनात स्वतःवर पहारा ठेवून होत्या. डिसेंबरात दुकानदारापुढे उभं राहून त्यांना किसणी हा शब्द आठवेना. हातानं किसण्याची खूण करावी लागली. ते त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आता हे.

शनिवारी त्यांना दुसरं काही सुचलं, आणि आधी बरं वाटलं. आपण वाचलंच नसेल तर? कुणी यंत्रानं बनवलं असेल तर? महिन्यापूर्वी सोसायटीच्या सभेत सायबर पोलिसांच्या माणसानं सगळं समजावून सांगितलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या द्वारकाबाईंना मुलाच्या आवाजात रडत फोन आला होता, आणि मुलगा तर ऑफिसात चहा पीत होता. थोडासा आवाज मिळाला की पुरे, तो माणूस म्हणाला होता. आणि अहिल्याबाईंचा आवाज थोडाथोडका नव्हता, वर्षानुवर्षांचा बाहेर पडलेला होता. जो कुणी तो गोळा करील, त्याला त्यांच्या तोंडून काहीही वदवता येईल.

बरं वाटणं तिथंच संपलं. त्यांनी फोनवर बोलणंच सोडलं. घंटी वाजली की उचलून कानाला लावायच्या आणि गप्प राहायच्या. गॅसवाला दोनदा "हॅलो, हॅलो" करून वैतागला. सोमवारी अनुष्कानं ऑफिसातून फोन केला.

"आजी? ऐकू येतंय ना?"

"हं."

"अगं बोल ना काहीतरी!"

"हं," अहिल्याबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दीड वर्षापूर्वी यमुना खरोखरच चढली होती. काठची शेतं बुडाली, माणसं गुरंढोरं घेऊन पुलाखालच्या रस्त्यावर ताडपत्र्या टाकून राहिली. त्या पावसाळ्यात जर कुणी हा तुकडा सगळ्यांच्या मोबाईलवर सोडला असता तर? माणसं घरं टाकून पळाली असती, त्यांच्या शब्दावर. ज्या बाईनं उभ्या नोकरीत मृतांचा एक आकडा चुकवला नव्हता, तिच्या शब्दावर.

बुधवारी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी धीर करून हेडफोन चढवले. गाणं सापडायला वेळ लागला. या खेपेला त्यांनी अर्थाकडे लक्षच दिलं नाही. रेडिओसाठी नवं माणूस निवडताना त्या जशा नुसते स्वर-व्यंजन ऐकायच्या, तसं ऐकलं.

'वस्त्यांतील'च्या 'स'ला बारीकशी शीळ होती. 'सोडावीत'ला होती. 'सूचना'ला तर स्पष्ट.

अहिल्याबाईंची जीभ आपोआप पुढच्या दातांवर गेली. तिथे पूर्वी फट होती. नोकरी लागली तेव्हा एका साहेबांनी सांगितलं होतं, "बाई, तुमचा स शिट्टी मारतो, तेवढं बघा." पहिलं बातमीपत्र वाचायच्या आधीच त्यांनी करोलबागच्या दंतवैद्याकडून ती फट बुजवून घेतली. त्यानंतर रेडिओवर ती शीळ कधी उमटली नाही. मग कुठलं यंत्र ती बनवणार? ज्यानं ती ऐकलीच नाही, त्याला ती कळणार कुठून?

म्हणजे खोटं नव्हतं. कुणी चोरी केली नव्हती. बाविसाव्या वर्षीच्या अहिल्येनं हे शब्द स्वतःच्या तोंडानं वाचले होते, आणि सत्तराव्या वर्षीच्या अहिल्येकडे त्याचा मागमूस नव्हता. एक धूसर खोलीसुद्धा नाही. एक कागदसुद्धा नाही.

त्या तशाच बसून राहिल्या. दारावर दूधवाला येऊन गेला, त्यांनी उघडलं नाही.

शनिवारी रात्रीच्या जेवणात अनुष्का म्हणाली, "उद्या दुपारी मी त्या बंद फाटकवाल्याची मुलाखत घ्यायला जातेय. जयदीप नाव आहे. त्याला काल फोनवर त्या मराठीचा अर्थ सांगितला तर बिल्कुल चुपच झाला. त्याला कळतच नव्हतं यार, काय वापरलंय ते."

"मी येते," अहिल्याबाई म्हणाल्या.

"तू? नोएडाला? इतक्या थंडीत?"

"येते म्हटलं ना."

मेट्रोत त्या सबंध वेळ पर्स छातीशी धरून बसल्या होत्या. जयदीपची खोली गच्चीवर होती. भिंतींना काळा स्पंज लावलेला, खिडकी प्लायवूडनं बंद केलेली, उजेड फक्त यंत्रांच्या लाल-हिरव्या ठिपक्यांचा. मुलगा सत्ताविशीचा, गळ्याला मफलर, अतिशय नम्र. त्यानं आजींसाठी एकुलती एक खुर्ची पुसून दिली.

अहिल्याबाईंनी अनुष्काला तोंड उघडू दिलं नाही. "बेटा, ये आवाज़ कहाँ से लाए?"

"कबाड़ी से, आंटी. एक बोरे में तेरह रील थीं. ज़्यादातर ख़राब निकलीं."

"मराठी तो आती नहीं तुम्हें. फिर यही क्यों रखी?"

जयदीप जरा ओशाळला. "सुनके डर लगा, आंटी. मतलब नहीं पता था, फिर भी लगा."

त्यानं फडताळातून पुठ्ठ्याचा चौकोनी डबा काढला. कोपरे झिजलेले, वर निळ्या शाईचं अक्षर फिकटलेलं. अनुष्कानं मोबाईलचा उजेड टाकून वाचलं, "आवाज चाचणी. मराठी. उमेदवार क्रमांक सात. कुमारी अहिल्या वझे. मार्च एकोणीसशे सत्त्याहत्तर." ती थांबली. "वझे? आजी, हे तर तुझं माहेरचं…"

"पूरी सुनाओ," अहिल्याबाई जयदीपला म्हणाल्या. "गाना नहीं. सिर्फ़ रील."

जुनं यंत्र फिरू लागलं. खरखर झाली. एक पुरुष खोकला आणि म्हणाला, "उमेदवार सात. काल्पनिक बातमीपत्र. तयारीविना वाचन. करा सुरू." मग तोच आवाज आला, यमुनेचं पाणी, जुना पूल, नदीकाठच्या वस्त्या. घरी परत जाऊ नये. ही सूचना पुन्हा देण्यात येणार नाही. कागद खाली ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग, गाण्यात नव्हतं ते, ती मुलगी कापऱ्या आवाजात म्हणाली, "सर, हे खरं आहे का?"

"नाही हो, चाचणी आहे नुसती."

"मग ठीक. माझी मैत्रीण राहते तिकडे, काठाला."

पुरुष हसला आणि फीत संपली.

अनुष्का आजीच्या खुर्चीपाशी खाली बसली होती. तिनं आजीचा हात धरला.

"अनु," अहिल्याबाई म्हणाल्या, "मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. आणि मैत्रीण कोण होती, तेही नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. रेवतीताई, किसणी, फोनवरचं 'हं', बुधवारची दुपार. परक्या मुलाच्या खोलीत, मराठीतून, घळाघळा रडत. जयदीपला शब्द कळत नव्हते, पण तो उठून पाणी घेऊन आला.

"रडतेस कशाला? आधी का नाही बोललीस?" अनुष्का म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

"बोलले असते तर खरं झालं असतं ना."

निघताना जयदीप म्हणाला, "आंटी, आप कहें तो गाना हटा देता हूँ."

अहिल्याबाईंनी डोळे पुसले आणि विचार केला. पुढचं त्या बोलल्या ते अगदी न्यूजरूममधल्या आवाजात. "हटाओ मत. पर शुरू में उन साहब की लाइन लगाओ, 'काल्पनिक बातमीपत्र'. पूरी."

"उससे तो डर ख़त्म हो जाएगा, आंटी."

"हो जाने दो. कोई घर छोड़ के न भागे, बस."

त्यानं आठवडाभरात तसं केलं, आणि खाली नाव घातलं, 'आवाज: अहिल्या वझे-पुराणिक'. ऐकणाऱ्यांनी त्याला कळवलं, आता तर जास्तच भीती वाटते. यावर अहिल्याबाईंनी कपाळाला हात लावला.

फेब्रुवारीत अनुष्का त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारले. अहिल्याबाईंना चार आले. पाचव्यासाठी त्यांनी इतका जीव तोडला की कानशिलं घामेजली.

"अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची पाच मिनिटं मलाही आठवणार नाहीत," असं डॉक्टरीणबाई हिंदीत म्हणाल्या. "उम्र के हिसाब से ठीक है. छह महीने बाद फिर आइए."

पहिल्या वाक्यानं जो धीर आला, तो शेवटच्या वाक्यानं निम्मा नेला. सहा महिन्यांनी काय निघेल, ते कोण सांगणार? भीती गेली नाही. ती सकाळी दात घासताना असते, भाजीच्या गाडीपाशी असते, फोन वाजला की असते. पण अहिल्याबाई आता फोन उचलून "हॅलो, कोण बोलतंय?" असं खणखणीत विचारतात, आणि एखादा शब्द सापडला नाही की तिथल्या तिथे अनुष्काला सांगतात. ती हसत नाही. "अच्छा, कसा दिसतो ते सांग," म्हणते, आणि दोघी मिळून शोधतात.

नदीकाठची मैत्रीण मात्र अजून सापडलेली नाही. कॉलेजातल्या सगळ्या नावांवरून अहिल्याबाईंनी कितीदा हात फिरवून पाहिला. मार्चमधल्या एका रविवारी चहा गाळताना त्या म्हणाल्या, "आज पण नाही आठवलं गं."

"ठीक आहे," अनुष्का म्हणाली आणि आपला कप पुढे केला. "उद्या परत विचारते."