माझ्या पत्रातली वाक्यं

जालन्यात स्टेशनजवळ एक टायपिस्ट नोकरीचे अर्ज टाइप करून देतो. रोज जाता-येता दिसतो, पण बोलताना कधी तोंडाकडे बघत नाही.

एका बियाणे कंपनीसाठी मी पत्र लिहून नेलं, तेव्हा त्याने 'मेहनती, प्रामाणिक' हे शब्द खोडले. "काम काय केलं, ते सांगा," म्हणाला. घनसावंगीकडे कापसाच्या बीजोत्पादनावर मी देखरेख केली होती. ते त्याने इतकं खोदून खोदून विचारलं की याला एवढं कशाला हवंय, अशी मला शंका आली.

मुलाखतीच्या दिवशी शेजारच्या उमेदवाराच्या हातातल्या पत्रात माझ्याच पत्रातली वाक्यं होती, गावाच्या नावासकट. तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. "कापसाचंच विचारून राह्यले. मला काय सांगता येणार?" म्हणाला.

नोकरी मला लागली. तरी मी त्या टायपिस्टला जाब विचारायला गेलो. स्क्रीनवरून नजर न काढता तो म्हणाला, "त्याला सांगता आलं न्हाई, तुम्हाला आलं. मंग तुमचं काय गेलं?"



परवा बायकोच्या अर्जासाठी त्याच्याकडेच गेलो. पत्र उत्तम झालं. पण तिची फाइल त्याने माझ्यासमोर डिलीट करेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.