त्या लँडिंगला मी गप्प राहिलो

भूगावच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. सोमवारची सकाळ, पुढे सिमेंटचा मिक्सर, मागे हॉर्नची बोंबाबोंब. "भाऊजी, ह्यांना काय झालंय बगा, उठतच न्हाईत," एवढंच त्या म्हणाल्या. गाडी वळवायला जागा नव्हती. भुकूमला घरी परत पोचेपर्यंत रमेशदादा गेले होते. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, सावर आता. पण त्यांना कसं सांगू, मला रडू येण्याआधी धडकी भरते. आदल्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर माणूस वाचला असता, हेच डोक्यात घोळत राहतं.

रमेश ओव्हाळ माझे घरमालक. पिरंगुटच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मी नांदेडहून आलेला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. हिंजवडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी. स्वभावाने घाबरट. गॅस बंद केलाय ना, हे बघायला दोन-दोनदा जिना चढणारा. बायको म्हणते, तुम्हाला काळजी नसली की त्याचीच काळजी लागते. अशा माणसाला दादांनी सहवैमानिक केलं, आता बोला! झालं असं, की त्यांची सुजाता लग्न होऊन नाशिकला गेली आणि तिची खोली रिकामी पडली. दादांनी तिथे कॉम्प्युटरवर मोठं प्रवासी विमान चालवायचा खेळ मांडला. खेळ म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. घरातल्या दिव्यांची बटणं प्लायवूडवर बसवून त्यांनी अख्खं पॅनेल उभं केलं. इंधनाचे पंप, चाकं, दिवे, सगळं. भंगारातून मोटारीच्या दोन सीटा आणल्या, डावी त्यांची, उजवी माझी. दर रविवारी नाश्ता झाला की दिल्ली-पुणे, नाहीतर गोवा-पुणे. मी तपासणीची यादी वाचायची आणि त्यांनी एकेका बटणावर बोट ठेवून उत्तर द्यायचं. उत्तरं द्यायची माझी पाळी आली आणि मी घाईत उरकायला लागलो की ओरडायचे, "नुसतं व्हय व्हय करू नगंस. बोट ठिव, बग, मग बोल."

आणि एक कायदा होता. उतरताना काही वावगं दिसलं तर दोघांपैकी कुणीही 'गो-अराउंड' म्हणायचं, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. दुसऱ्याने का म्हणून विचारायचं नाही. आधी वर, मग चर्चा. पहिल्याच महिन्यात धावपट्टी अंगावर येताना बघून मी उगाचच ओरडलो होतो. विमान अगदी सरळ चाललं होतं हो! पण दादांनी इंजिनांना पूर्ण जोर दिला, नाक उचललं, चाकं आत घेतली. मी ओशाळलो. ते म्हणाले, "लाजायचं काय त्यात? खाली आपटल्यावर बोलून काय उपेग?" हा कायदा ते खोलीबाहेरही पाळायचे. एकदा ताम्हिणीत, धुक्यात, टेम्पोच्या पुढे गाडी काढायला निघाले. मी पुटपुटलो, "दादा, गो-अराउंड." निमूट मागे आले. तेवढ्यात वळणावरून एसटी आली. मागच्या सीटवरून वहिनी म्हणाल्या, "माझं कंदी असं ऐकलं न्हाई ह्यांनी!"

शेवटच्या रविवारचं सांगतो. आडव्या वाऱ्यात, ऑटोपायलट काढून, हाताने विमान उतरवायच्या ते दोन महिने मागे लागले होते. दर वेळी शेवटच्या शंभर फुटांत विमान वाऱ्याबरोबर कडेला सरकायचं. त्या दिवशी मात्र सगळं जमून येत होतं. चाकं खाली, वेग बरोबर, नाक रेषेत. यादी संपवून मी मान वळवली, तर दादांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पंखा फुल होता. डावा खांदा सारखा हलवत होते, अवघडल्यासारखा.

"दादा, बरं नाही का?"

"काय न्हाई. उकडतंय. फुडं बग."

शब्द माझ्या जिभेवर होता, आईशप्पथ. पण त्यांची दोन महिन्यांची मेहनत, आणि हा कशालाही घाबरतो असा माझा लौकिक... गप्प बसलो. कॉम्प्युटरमधला आवाज मोजू लागला, पन्नास, चाळीस, तीस, वीस... चाकं बरोबर मधल्या रेषेवर टेकली. मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! दादांनी हसून माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा गार पडला होता. तरीही मी वर गेलो आणि पोटभर जेवलो.

गेल्या रविवारी वहिनींनी हाक मारली. "ह्या बटनांचं काय करायचं ते तुमीच बगा, मला काय कळतंय त्यातलं?" खोलीत पाऊल टाकलं आणि माझा धीरच सुटला. भडाभडा सगळं सांगून टाकलं... घाम, खांदा, गार हात, गिळलेला शब्द. म्हटलं, वहिनी, शिव्या घाला, घर सोडायला सांगा. त्या दादांच्या सीटवर बसल्या. तिथे बसलेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"शनवारपास्नं छातीत दुखत व्हतं त्यांच्या," त्या म्हणाल्या. "मला सांगितलं व्हतं. मीच म्हणले, गॅस असंल, ववा खावा. उद्या भाऊजी यायचेत, तुमचं इमान होऊ द्या, सोमवारी जाऊ दवाखान्यात..."

दीड महिना मी एकटाच होरपळतोय असं वाटत होतं, आणि खालच्या मजल्यावर ही बाई तेच पोटात ठेवून भाकऱ्या थापत होती.

"सुजी रोज इचारती, आई, आदी काईच दुखत नव्हतं का गं? मी म्हणते, न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लई भ्या वाटतं. सांगू का तिला?"

एरवी मी म्हणालो असतो, बघू, घाई कशाला. "सांगा," मी म्हणालो. "आत्ताच सांगा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुमीच लावा."

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. रिंग वाजत राहिली. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग पलीकडून सुजाताचा आवाज आला, "हां, बोल आई."