सीझन म्हणजे पेरणी

इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर तरी ती भाषा माझा पिच्छा सोडेल असं मला वाटलं होतं, पण तिनं सोडला नाही. मागच्या वर्षी दहावी झाल्यावर धाकट्या भावाची मुलगी माझ्याकडे नांदेडला राहायला आली, ती डॉक्टर व्हायला. निदान भावाचं म्हणणं तरी तसं होतं. सकाळी कॉलेज, दुपारी प्रवेश परीक्षेचा क्लास आणि संध्याकाळी आत्याच्या घरी अभ्यास, असं सगळं त्यानं फोनवरच ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, आणि मुलीलाही विचारलं नसावं.

जळकोटजवळच्या आमच्या गावात ही पोरगी मराठी शाळेत कायम पहिली यायची. नांदेडच्या क्लासमध्ये मात्र तिची बोलती बंद झाली. पुस्तक इंग्रजी, शिकवणारे धाड धाड इंग्रजी, आणि ही शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसलेली. घरी आली की पुस्तक उघडायची आणि एकाच पानाकडे बघत राहायची. मी चिडक्या स्वभावाची. पहिले काही दिवस तिच्यावर ओरडले, मग क्लासवर ओरडले. शेवटी मला जे एकच काम येतं ते सुरू केलं.

ते काम म्हणजे शब्दांची मुळं खणणं. मीही त्याच गावची. कॉलेजात आले तेव्हा इंग्रजी शब्द मला कोट घातलेल्या साहेबासारखे वाटायचे. एकाच शब्दाचे चार-चार अर्थ, कुठला कधी लावायचा ते कळायचं नाही, आणि चुकलं की वर्ग हसायचा. एका जाडजूड शब्दकोशानं मला वाचवलं. त्यात प्रत्येक शब्दाचं मूळ दिलेलं होतं. साहेबाचा कोट काढला की आत बहुतेक वेळा धोतर नेसलेला शेतकरी निघायचा. तेव्हापासून माझी भीती गेली ती गेलीच.

तर मी भाचीला ‘सेल’पासून सुरुवात करून दिली. बॅटरीचा सेल, तुरुंगातली कोठडी, मठात साधू राहतो ती खोली आणि आपल्या अंगातली पेशी, या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द का? कारण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ छोटी खोली, सामान साठवायची. ती लगेच म्हणाली, “म्हंजे बळद.” घरातल्या धान्य साठवायच्या कोंदट खोलीला आमच्याकडे बळद म्हणतात. मला तिचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी ‘चार्ज’ घेतला. विजेचा चार्ज, साहेबानं घेतलेला चार्ज, दुकानदारानं लावलेला चार्ज. या सगळ्यांच्या मुळाशी गाडी आहे, आणि चार्ज म्हणजे गाडीवर माल लादणं. ती हसली आणि म्हणाली, “मंग मोबाइल रोज रात्री आडतीला निघतोय का काय?” कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

‘लाइन’ हा तर आमच्या मराठीनं दत्तकच घेतलेला शब्द. शिवारात लाइन येते आणि जाते. रेशनला लाइन लागते. पोरं पोरींना लाइन मारतात. माझा भाऊ म्हणतो, शेतीच्या लाइनीत काही राहिलं नाही. मी तिला सांगितलं की मूळ शब्द जवसाचा आहे. जवसाच्या काडीतून धागा काढायचे. तोच धागा ताणून धरला की सरळ रेघ मिळायची, म्हणून धाग्याचं नाव रेघेला पडलं. माझ्या मते हा फार सुंदर शब्द होता. पण तिनं रेघेचं काहीच विचारलं नाही. तिनं विचारलं, “आत्या, आता जवस कोण पेरतंय? आपल्या शिवारात तर सगळं सोयाबीन होऊन राहिलंय. आज्जी करायची ती जवसाची चटणी आता इकतच आणावी लागती.” आणि मग ती अर्धा तास बोलत राहिली. जमिनीत आलटून पालटून काय घ्यावं, कुठल्या तुकड्याला पाणी लागतं, कुठल्या तुकड्यात अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, उगाच खत टाकलं.

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पोरगी बोलती झाली, एवढंच मी पाहिलं.

दिवाळीनंतर ‘सीझन’ची पाळी आली. आमच्या बाजारात सीझन म्हणजे आडतीवर माल येण्याचे दिवस. लग्नाचा सीझन असतो, परीक्षेचा असतो. नूडल्सच्या पाकिटात मसाल्याची छोटी पुडी येते, तिच्यावरही सीझनिंग लिहिलेलं असतं, ते काय म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, ऋतूत फळ पिकतं, त्याला चव येते, तिथून तो अर्थ मसाल्यापर्यंत गेला. आणि सगळ्याच्या मुळाशी लॅटिनमधला पेरणीचा शब्द आहे. सीझन म्हणजे आधी फक्त पेरणी.

बराच वेळ ती पुडी बोटांत फिरवत बसली. मग म्हणाली, “आत्या, मला डॉक्टर न्हाई व्हायचं. लातूरला शेतीचं कॉलेज हाय. मला तिथं जायचंय, आन् मंग आपलंच शेत करायचंय.”

मी विचारलं, “अभ्यास जमत नाही म्हणून म्हणतेस का?”

“जमून राहिलंय आता. तुमच्यामुळं जमून राहिलंय. पर मला ते नको हाय.”

एवढे दिवस ती माझे शब्द शिकत नव्हती. त्यांच्यातलं तिला हवं तेवढं वेचून घेत होती. मला जरा राग आला, खरं सांगते. आणि त्याहून जास्त बरं वाटलं. मी म्हटलं, येळवशीला जाऊच आपण, तुझ्या अप्पांशी मी बोलते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडची गावं रिकामी पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभारायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील असं सगळं शेतातच बसून खायचं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून जेवायला बसवायचं. आम्ही दोघी आदल्या दिवशी कंधारमार्गे एसटीनं गावी पोचलो. संध्याकाळी भाऊ गोठ्यात एकटा सापडला तेव्हा मी विषय काढला. ऐकताना त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

मी बोलण्यात हार जाणारी बाई नाही. मी त्याला आठवण करून दिली की मी पीएच.डी. झाले तेव्हा गावातल्या बाया गुडघे घेऊन माझ्याकडे रांग लावायच्या, आणि मी गोळ्या देत नाही म्हटल्यावर नाराज होऊन परत जायच्या. मग म्हटलं, अरे, डॉक्टर शब्दाचं मूळ शिकवणं आहे. डॉक्टर म्हणजे शिकवणारा. उद्या तुझी पोरगी दहा गावांना शेती शिकवेल, म्हणजे झालीच की डॉक्टर.

तो म्हणाला, “अक्का, तुझं लॅटिन तुझ्यापाशी ठिव. हरभऱ्याला घाटेअळी पडली तर लॅटिन फवारू का म्या?”

मग तोच पुढं बोलला, माझ्याकडे न बघता. “आपला बाप गेला तव्हा तू कॉलेजात व्हतीस. म्या शाळा सोडली. मला त्याचं काई न्हाई. पर तू सुटली ह्या मातीतून, आक्खा गाव तुला मॅडम म्हणतंय. माझ्या पोरीनं सुटू नये का?”

हा माणूस स्वतःच्या शिक्षणाबद्दल कधी एक शब्द बोलला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी चहाचं निमित्त करून घरात निघून गेले. रात्री भाचीला सांगितलं की बाई, माझ्याच्यानं झालं नाही. ती म्हणाली, “मला वाटलंच व्हतं.”

दुसऱ्या दिवशी शेतात जत्रा भरल्यासारखी माणसं होती. भाऊ येईल त्याला पोरीकडे बोट दाखवून सांगत होता, “ही आमची डॉक्टरीण. सात वर्षांनी हिच्याकडंच सुई टोचून घ्यायची.” ती आंबिलीचे ग्लास भरत होती. प्रत्येक पाहुणा तिला मार्क विचारत होता आणि ती प्रत्येकाला “बरे हायत” म्हणत होती. मी कोपीच्या सावलीत बसून भज्जी खात ते सगळं ऐकत होते.

जेवणं झाली की पिकाला फेरी घालायची असते. एकजण अंगावर घोंगडं घेतो, आंबिलीचं मडकं उचलतो आणि शेताच्या कडेनं पुढं चालतो. चालता चालता कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर आंबील शिंपडायची आणि ओरडायचं, “ओलगे ओलगे”, आणि मागच्यांनी उत्तर द्यायचं, “सालन पलगे”. प्रत्येक शिवारात हे शब्द थोडे निराळे. त्यांचा अर्थ आमच्यात कोणालाच माहीत नाही. कानडी असावेत. मी उदगीरकडच्या कानडी बोलणाऱ्या तिघांना विचारलं, तिघांनी तीन अर्थ सांगितले. चौथ्याला विचारायचं मी सोडून दिलं.

आमच्या घरची एक रीत आहे. ज्याच्या हाती त्या वर्षी शेत, तोच पुढं चालतो. आजोबा चालायचे, मग वडील. वडील गेले त्या वर्षी घोंगडं माझ्या भावाच्या खांद्यावर आलं. तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं आणि ते घोंगडं त्याच्या पायात येत होतं. बाईमाणूस या फेरीत पुढं चाललेलं मी कधी पाहिलं नाही.

भावानं घोंगडं अंगावर घेतलं आणि मडक्याकडे वळला. मडकं जागेवर नव्हतं. ते भाचीच्या कमरेवर होतं. तिच्या दुसऱ्या हातात डहाळी होती आणि ती बांधाच्या टोकाला जाऊन उभी होती. तिनं बापाकडे एकदा पाहिलं. मग तोंड फिरवून चालू लागली आणि ओरडली, “ओलगे ओलगे.”

कोणीच उत्तर दिलं नाही. सगळे माझ्या भावाकडे बघत होते. हाक मारली आणि मागून उत्तर आलं नाही, असं आमच्या शेतात कधी झालं नव्हतं. मला पोरीची पाठ दिसत होती आणि ती पाठ ताठ होती. मी कशीबशी उठले, साडी आवरली आणि तिच्या मागं निघाले. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज त्या उघड्या रानात फारच बारीक निघाला. तरी मी म्हटलं, “सालन पलगे.”

दुसऱ्या हाकेला माझ्या मागून भावजयीचं उत्तर आलं. ती कधी बांधावर आली ते मला कळलंही नाही. मग एकदोन पाहुणे आले, मग आणखी. ज्वारीच्या कडेनं आमची ओळ पुढं सरकत होती आणि भाची न थांबता आंबील उडवत होती. भाऊ मात्र कोपीपाशी उभाच होता, अंगावर घोंगडं घेऊन, हात मोकळे सोडून. एवढ्या माणसांत तो एकटा दिसत होता. मला त्याची फार दया आली. त्या क्षणी पळत जाऊन त्याचा हात धरावा असं वाटलं, आणि पोरीची साथ सोडावीशीही वाटेना.

फेरी हरभऱ्याच्या तुकड्याला वळसा घालून परत कोपीकडे यायला लागली. आता ती बापाच्या समोरूनच जाणार होती. “ओलगे,” ती म्हणाली, आणि दुसरा शब्द आलाच नाही. मागं आम्हीही थांबलो. अर्ध्या हाकेला उत्तर कसं द्यायचं ते कोणाला कळेना.

भाऊ पुढं आला. त्यानं अंगावरचं घोंगडं काढलं आणि तिच्या डोक्यावरून खांद्यावर टाकलं. एका बाजूनं ते खाली लोंबत होतं, ते त्यानं वर सारलं. मग तो तिला ओलांडून, मला ओलांडून, सगळ्यांना ओलांडून ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिला. तिथून त्याचा आवाज आला, “सालन पलगे.”

ती चालायला लागली, तेवढ्यात त्यानं मागून परत हाक दिली. “अगं, बांधाकडचं तास सुटलं. तिथनं परत घे.”

ती वळली आणि आंबिलीविना सुटलेल्या त्या पिकाच्या ओळीकडे परत निघाली. तिच्या मागं आम्ही सगळे वळलो, आणि सगळ्यांत मागं तो.