मॅडम, तुमचं कव्हर

तीस वर्षं बातमीदारी केली की बातम्या विसरायला होतात, किस्से मात्र साचत जातात. माझ्याकडचे निम्मे तर एकाच शब्दाचे आहेत: कव्हर.

*

गौरी पुण्याहून आमच्या पेपरात नवीन आली होती. रविवारी इंदिरानगरात किराणा घ्यायला गेली. दुकानदाराने कन्नडमध्ये विचारलं, “मॅडम, कव्हर बेका?” म्हणजे पिशवी हवी का. गौरीला वाटलं, आपण रिपोर्टर आहोत हे याला कळलेलं दिसतंय.

“आज नाही काका, आज मला सुट्टी आहे.”

टोमॅटो ओढणीत बांधून घरी आली.

*

मी तिला समजावलं, बाई गं, इथे कव्हर म्हणजे पिशवी. पुढच्याच आठवड्यात एका बिल्डरची पत्रकार परिषद होती. निघताना त्याच्या पीआरवाल्याने हळूच पाकीट पुढे केलं. “मॅडम, तुमचं कव्हर.”

“नको सर, मी घरून मोठी पिशवी आणलीय.”

असली पाकिटं मी आयुष्यभर तोंडावर फेकत आलो, पण त्या दिवशीइतका घाबरलेला पीआरवाला पाहिला नव्हता.

*

लक्ष्मक्का आनेकलच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होती. जुन्या मराठी घरातली, बोलणं अर्धं कन्नड. मशीनमध्ये तिची दोन बोटं गेली, आणि कंपनी भरपाई देईना. बाई कंत्राटी, विम्याचं कव्हर नाही, म्हणे!

मी संपादकांच्या केबिनमध्ये शिरलो.

“अण्णा,” ते मला म्हणाले, “आनेकल आपण कव्हर करत नाही. आपला वाचक हेब्बाळच्या टेक पार्कात बसतो.”

“तो ज्या खुर्चीत बसतो तिचे स्क्रू आनेकलला होतात. आणि पुरवणीच्या कव्हरवर काय घेतलंय या वेळी?”

कुत्र्यांचा कॅफे घेतला होता.

“सरी, ठीक आहे, जा,” ते म्हणाले. “फक्त स्वल्प सांभाळून लिहा.”

सांभाळून लिहिणं मला आजवर जमलेलं नाही.

*

आम्ही ती बातमी इतकी लावून धरली की शेवटी लक्ष्मक्काला भरपाई मिळाली. पण किस्सा त्याआधीचा, कारखान्यातला. गौरी, मी आणि लक्ष्मक्का तिघं गेलो होतो. मशीन उघडंच होतं. वरून दणकन ठोकळा खाली यायचा आणि बोटं अडवायला मध्ये काहीही नव्हतं.

“कव्हर होतं,” मॅनेजर म्हणाला. “या बाईनेच काढलं.”

“काढलं की,” लक्ष्मक्का म्हणाली. “प्लास्टिकचं होतं. धूळ बसू नये म्हणून घरी जाताना घालायचो, सकाळी काढायचो.”

मॅनेजरने इकडेतिकडे बघत खिशातून एक जाडसर पाकीट काढलं आणि गौरीपुढे धरलं.

“मॅडम, तुमचं कव्हर.”

मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात गौरी शांतपणे म्हणाली,

“ते मशीनला घाला.”