प्रेमिलाबाईंच्या अंगणातली पाखरं

भद्रावतीच्या बाहेर, जिथं घरांची रांग संपते आणि खाणीतून उपसलेल्या मातीचा डोंगर सुरू होतो, तिथलं शेवटचं घर प्रेमिलाबाईंचं. त्या डोंगरावर आता बाभळी माजल्यात, आणि त्यात काय काय राहतं ते विचारू नये. अशा जागी अंगणात दाणे टाकायचे म्हणजे गावजेवणाचं आवतण देण्यासारखं आहे. ज्याला बोलावलं तो येतोच, आणि ज्याला नाही बोलावलं तो त्याच्याही आधी येऊन बसतो.

बाईंना पाखरांचा नाद कधीच नव्हता, बरं का. खाणीतल्या माणसाची लेक, याच गावात जन्मली, याच गावात नांदली. घरात चिमणीनं काडी आणली की झाडू घेऊन मागं लागायची. नाद लागला तो नवऱ्यापायी. नवऱ्याचं नाव दादाजी. आजोबा म्हणून नाही हो, नावच ते. पाळण्यात घातल्या घातल्या माणसाला म्हातारं करून टाकलं होतं. तर हे दादाजी आरमोरीकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटता फुटता इकडं आले, जन्मभर खाणीत राबले, हे घर बांधलं, आणि होळी झाल्यावर त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. हाक मारली की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायची, अशा माणसाची जीभ तोंडात शिळ्या भाकरीसारखी पडून राहिली.

मुलगा निकेश गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला. सुटी मिळाली की यायचा, औषधं बदलून जायचा. बाकी सगळं बाईंच्या अंगावर. ओसरीवर बाज टाकली होती, तिच्यावर दादाजी आढ्याकडं बघत पडलेले असायचे. बाई त्यांच्याशी बोलायच्या, भांडायच्या, कधी कधी मुद्दाम टोचून बोलायच्या, की निदान राग तरी येऊ दे. काही नाही. पाण्यात दगड टाकावा आणि डुबुक आवाजही येऊ नये, तसं.

मग एका सकाळी बाई बाजेशेजारी बसून तांदूळ पाखडत होत्या. खालची चुरी त्यांनी अंगणात भिरकावली. चार चिमण्या उतरल्या. आणि दादाजींनी मान वळवली. डाव्या कोपरावर जोर देऊन अर्धे उठले, आणि घशातून आवाज काढला, "येऽऽ."

चिमण्या भुर्रकन उडाल्या. बाईंच्या हातातलं सूप हातातच राहिलं. डॉक्टरांनी नाही, मालिशवाल्यानं नाही, चार चिमण्यांनी माणसाला उठवलं होतं. आणि बोलले काय, तर 'ये'. माझा माणूस पाखरांना जेवायला बोलावतोय, असं म्हणत बाई डोळे पुसत सुटल्या. आवाज फाटका झालाय म्हणून पाखरं भ्यायली, सवय होईल त्यांना, अशी स्वतःची समजूतही घातली.

त्या दिवसापासून दाणे टाकणं हा घरचा कुळाचार झाला. चिमण्या आल्या, साळुंक्या आल्या, सातभाई तर भावकीसारखे भांडतच आले. दादाजी रोज उठून बसायचे, "येऽऽ, येऽऽ" करायचे, आणि बाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, "बोलवा, बोलवा. तुमचीच पाखरं होत ते."

पण आवतण फुकट नसतं. पहिला आला बोका. बाईंनी एका खांबावर दाण्यांसाठी लाकडी पाटी ठोकली, खांबाला तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला. बोका दोनदा घसरला आणि नाद सोडून गेला. मग शिकरा. हा पाहुणा आंब्याच्या फांदीत दबा धरून बसायचा, आणि एक होला उचलून न्यायचा. बाईंनी पाटी उचलून बोरीच्या जाळीला लावली, की पाखरांना झटकन काट्यांत शिरता यावं. माकडांसाठी गुलेर. दगड घालायची गरज नाही, नुसता रबर ताणून दाखवला की टोळीचा म्होरक्याही कौलावरून उतरतो. साठी उलटलेली बाई गुलेर ताणून उभी राहिलेली बघून शेजारची हर्षा हसून हसून लोळायची.

हर्षाचं हसू दिवाळीच्या आधी थांबलं. चूक बाईंचीच म्हणायची. दाण्यांबरोबर त्या उरलेला भातही टाकायच्या. भाताला कुत्री आली, पाटीखाली पडून राहायला लागली. आणि कुत्र्यांच्या मागावर मातीच्या डोंगरावरून तो आला. ऐन दिवेलागणीची वेळ होती. कुत्रं एकदाच केकाटलं. हर्षानं गच्चीवरून पाहिलं, ठिपक्यांचं अंग कुंपणावरून असं गेलं, जशी वाळत घातलेली चादर वाऱ्यानं जावी.

सकाळी फॉरेस्टवाले आले. मोरीजवळच्या ओल्या मातीत पंजा उमटला होता. बिबट्याच. त्यांनी शांतपणे सांगितलं, बाई, दाणे बंद करा.

"सकायीच टाकीन," बाईंनी हर्षापाशी गयावया केली. "भात नाई टाकणार. लगेच झाडून घेईन. तुमच्या काकांचं तेवढंच तं हाय."

"काकू, मले समजते," हर्षा म्हणाली. तिचं पोरगं नुकतंच चालायला लागलं होतं. "पण पाखरू गेलं तं दुसरं येते. माहं लेकरू गेलं तं मी काय करू?"

बाईंनी पाटी काढून मोरीमागं उभी करून ठेवली.

पाखरं दोन-चार दिवस आली, रिकामं अंगण बघून गेली. दादाजी मात्र पुन्हा आढ्याला लागले. मग भिंतीकडं तोंड केलं. चमचा ओठांशी नेला की दात आवळायचे. बाई कण्या कोमट करून आणायच्या, परत न्यायच्या, पुन्हा आणायच्या. आपण आपल्या हातानं या माणसाचा शेवटचा आनंद काढून घेतला, हा विचार त्यांना चुलीपाशीही बसू देईना. बिबट्या कुत्रं घेऊन गेला होता, पण खरं म्हणजे तो यांनाच घेऊन चालला होता.

असेच दिवस जात असताना वारलू आला. दादाजींचा लहानपणचा सोबती, त्याच खेड्यातला, अजून शेती करून राहिलेला. बातमी त्याला उशिरा कळली. पिशवीत नव्या धानाच्या लोंब्यांची जुडी होती. त्यांच्याकडं नवं धान आलं की अशी जुडी दाराला टांगतात. तेवढीच लक्ष्मीची शोभा, आणि पाखराचा वाटा पाखराला. वारलूनं मित्राच्या पायाला हात लावला आणि बाजेसमोर ओसरीच्या वळचणीला उंच खिळ्याला जुडी अडकवली. बाई चहा ठेवायला आत गेल्या.

चहाला उकळी यायच्या आत बाहेरून आवाज आला. "येऽऽ."

बाई तशाच धावत आल्या. जुडीला पाच-सहा मुनिया लोंबकळत होत्या आणि दादाजी कोपरावर उठले होते.

"पाहा, वारलूभाऊ," बाई म्हणाल्या. "पाखरायले कसे बोलावते पाहा."

वारलूनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा दादाजींकडं. "बोलावते? वयनी, थे बोलावून नाई राह्यले. हाकलून राह्यले."

"अवो, ये म्हणते ना."

"ये नाई. हे. ह त्याच्या जिभेवर येऊन नाई राह्यला." वारलू ओसरीच्या पायरीवर टेकला. "आमी दोघंई पोट्टे असताना धान राखो. त्याची बांधी तिकडं, माही इकडं, मधात पाण्याची बोडी. लोंबीत दूध भरलं का पाखरायचे थवेच्या थवे उतरत. मचाणीवर उभं राहून दिवसभर वरडाचं. त्याचा आवाज बोडीच्या पल्याड येये." आणि पायरीवर बसल्या बसल्या त्यानं तोंडाला हात लावून हाळी दिली, "हेऽऽऽऽ पाखराऽऽ, हेऽऽऽ."

मुनिया उडाल्या. बाजेवरून उत्तर गेलं, "एऽऽऽऽ." नेहमीपेक्षा लांब, नेहमीपेक्षा मोकळं. वारलूनं पुन्हा दिली. पुन्हा उत्तर. दोन म्हातारे दोन मचाणींवर उभे होते, आणि मधल्या बोडीत पन्नास वर्षांचं पाणी होतं.

बाई खाली बसल्या. या माणसाबरोबर त्यांचा संसार झाला होता. पण सासरी त्या जायच्या त्या उन्हाळ्यातल्या लग्नांना. शेतं तेव्हा उघडी पडलेली असायची. नवऱ्याची ही हाळी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

"म्हंजे म्या रोज यायच्या पिकात चोर सोडले," त्या हळूच म्हणाल्या. "अन् वरून पाठ थोपटली. बोलवा म्हणे."

त्यांना रडूही आलं, हसूही आलं. लाज तर इतकी वाटली की त्या तिरीमिरीत उठल्या आणि जुडी काढायला खिळ्याकडं हात नेला. तेवढ्यात मागून पदराला ओढ बसली. दादाजींनी डाव्या हातानं पदर धरला होता, आणि सोडत नव्हते.

"राहू द्या, वयनी," वारलू म्हणाला. "पाखरूच नाई तं राखण कायची?"

जुडी राहिली. उंचावरची, त्यामुळं खाली सांडायचं थोडं, आणि सांडलेलं बाई हर्षाच्या डोळ्यांदेखत झाडून घ्यायच्या. वारलू जाताना अजून चार जुड्या पाठवायचं कबूल करून गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाईंनी दादाजींना उशी लावून बसवलं. पाठीवरून हात फिरवला नाही, कौतुकही केलं नाही. डोक्याला पांढरा गमछा तेवढा गुंडाळून दिला. मुनिया आल्या, हाकलल्या गेल्या, पुन्हा आल्या. दुपारी बाईंनी कण्यांची वाटी पुढं केली तर दादाजींनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. डाव्या हातानं निम्मं छातीवर सांडत होतं, पण जेवत होते ते कामावरून घरी आलेल्या माणसासारखे, घाईनं आणि मान खाली घालून.

जेवणं चालू असतानाच निकेशचा फोन आला. बाबा काय करून राह्यले, त्यानं विचारलं.

"जेवून राह्यले," बाई म्हणाल्या. "आता फोनवर नको बोलू जास्त. त्यायले परत राखणीवर जाचं हाय."